एका इंग्रजी शेतघराची सहाशे वर्षे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात आपण इंग्लंडच्या आग्नेय भागातील ‘बे-लीफ’ नावाच्या जुन्या शेतघराची ओळख करून घेतली होती. तो लेख ज्यांच्या वाचनात आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हे घर मुळात केंट परगण्यातील चिडिंगस्टोन गावाजवळ बाउ बीच येथे उभे होते. त्याचा मधला भाग आणि एक टोक १४०५ ते १४३० या काळातले असून दुसरे टोक १५०९-१० च्या सुमारास जोडले गेले. तेथे जलाशय करायचे ठरले तेव्हा घराची जागा पाण्याखाली जाणार हे स्पष्ट झाले, म्हणून १९६८-६९ मध्ये ते काळजीपूर्वक सुटे करण्यात आले. पुढे वेस्ट ससेक्समधील सिंगलटन येथे, वील्ड अँड डाउनलँड या खुल्या संग्रहालयात, ते पुन्हा उभारले गेले. साधारण १५४० साली ते जसे दिसले असेल तसे आज ते मांडून ठेवलेले आहे. या लेखावर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

आपल्याकडे ‘फार्महाऊस’ म्हटले की श्रीमंतांचे सुट्टीचे घर डोळ्यांसमोर येते. बे-लीफचे छायाचित्र पाहिल्यावरही हे एखाद्या जमीनदाराचेच घर असावे असे वाटले. साध्या शेतकऱ्याला पंधराव्या शतकात असे घर परवडले कसे?
— एक वाचक, कोल्हापूर

आपल्या शंकेत तथ्य आहे, आणि म्हणूनच मी लेखात ‘फार्महाऊस’ हा शब्द टाळून ‘शेतघर’ हा शब्द वापरला. हे कसणाऱ्याचे घर होते. धान्य, दूध, लोणी, दारू, अवजारे आणि गडीमाणसे यांनी भरलेले. मात्र तो शेतकरी अगदी साधा नव्हता. इंग्लंडमध्ये ज्यांना ‘योमन’ म्हणत त्या वर्गातील हे घर आहे. सरदार-उमरावांच्या खालचे आणि मोलमजुरी करणाऱ्यांच्या वरचे असे हे खाऊनपिऊन सुखी शेतकरी होते. त्यांतील अनेकजण जमिनीचे पूर्ण मालकही नव्हते. मॅनरच्या, म्हणजे जहागिरीच्या, न्यायसभेतील दप्तरात कुळाची नोंद होत असे आणि त्या नोंदीची नक्कल हाच त्याच्या हक्काचा कागद असे. त्यामुळे या हक्काला ‘कॉपीहोल्ड’ हे नाव पडले, आणि तो प्रकार कायद्याने थेट १९२६ पासून बंद झाला.

परवडले कसे, या प्रश्नाचे उत्तर मात्र दुःखद आहे. १३४८-४९ मध्ये प्लेगची महाभयंकर साथ इंग्लंडमध्ये आली आणि तिने देशातील किमान तिसरा हिस्सा माणसे नेली. नंतरच्या दशकांत साथ पुन्हा पुन्हा येत राहिली, त्यामुळे लोकसंख्या दीड शतक सावरली नाही. जमीन तेवढीच आणि कसणारे हात कमी, अशी स्थिती झाल्यावर मजुरी वाढली, खंड उतरले, आणि जे वाचले त्यांच्या वाट्याला अधिक जमीन आली. मजुरी जुन्याच दराने रोखून धरण्यासाठी १३५१ मध्ये कायदाही करण्यात आला, पण त्याचा फारसा उपयोग झाला नाही. केंटमधील शेतकऱ्याला आणखी दोन गोष्टी अनुकूल होत्या. लंडनची बाजारपेठ जवळ होती आणि वील्ड नावाच्या त्या रानाच्या पट्ट्यात ओकची झाडे विपुल होती. ज्या पिढीने साथीनंतरचे जग पाहिले, तिच्या मुलानातवंडांनी ही घरे बांधली. बे-लीफकडे पाहताना मला हा इतिहास विसरता येत नाही.

घराच्या मधोमध जमिनीवर उघडी चूल आणि वर धुराडे नाही, हे वाचून आश्चर्य वाटले. माणसे अशा घरात राहत कशी होती? स्वयंपाकघर कुठे होते? कोणत्या खोलीत काय असे, हे सविस्तर सांगाल का?
— एक वाचिका, सांगली

सविस्तरच सांगतो, कारण या घराचे सारे मर्म त्याच्या आराखड्यात आहे.

घर लांबट आयताचे आहे. मधोमध दोन खणांचा हॉल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन मजली टोके, अशी त्याची मांडणी आहे. हॉलला मजला नाही; जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत तो मोकळा आहे. समोरच्या दाराने आत शिरले की आपण हॉलच्या खालच्या अंगाला एका आडव्या वाटेत येतो, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला अगदी समोरासमोर मागचे दार असते. या वाटेच्या एका बाजूला घराचे ‘खालचे’ टोक आहे. तेथे शेजारी शेजारी दोन कोठीच्या खोल्या आहेत, बटरी आणि पँट्री. बटरी या नावाचा लोण्याशी काही संबंध नाही. पिंपासाठी असलेल्या जुन्या फ्रेंच शब्दावरून ते आले आणि तेथे घरी गाळलेल्या एल नावाच्या दारूची पिंपे ठेवत. पँट्री हे नाव ब्रेडसाठी असलेल्या फ्रेंच शब्दावरून आले, म्हणजे ती भाकरतुकड्याची खोली.

हॉलच्या दुसऱ्या अंगाला ‘वरचे’ टोक आहे. तेथे खाली बसण्याची किंवा झोपण्याची खोली आणि वर घरधन्याची निजण्याची खोली. या वरच्या खोलीला लागून भिंतीबाहेर काढलेला छोटा शौचकूपही आहे. या टोकाच्या लाकडी भिंतीला पाठ लावून, हॉलकडे तोंड करून घरधनी आणि त्याचे कुटुंब मुख्य मेजाशी बसे. गडीमाणसे खालच्या अंगाला बसत. कोण कुठून आत येतो, कोण किती आत जाऊ शकतो आणि कोण कोणाकडे तोंड करून बसतो, हे सगळे घरच ठरवत असे. वाड्यातील ओसरी, सोपा आणि माजघर यांची शिस्त ज्यांनी अनुभवली आहे त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

आता धुराविषयी. चूल हॉलच्या मध्यावर, जमिनीलगत असे. धूर वर चढून छपराखालच्या पोकळीत साठे आणि तेथून कौलांच्या फटींतून व छपराच्या दोन्ही टोकांना ठेवलेल्या लहान त्रिकोणी झरोक्यांतून हळूहळू बाहेर पडे. हॉलची उंची त्यासाठीच आवश्यक होती: धुराचा थर डोक्याच्या बराच वर राहतो आणि खाली माणसे वावरू शकतात. लाकूड चांगले वाळलेले असेल आणि दारांतून येणाऱ्या वाऱ्याला आवर घातला असेल तर धूर बराचसा वरच राहतो. डोळे चुरचुरत नसत असे मी म्हणणार नाही. पण कोकणातल्या जुन्या स्वयंपाकघरात ज्यांचे बालपण गेले आहे त्यांना ही कल्पना अशक्य वाटू नये. खिडक्यांना काच नव्हती. काच इतकी महाग होती की पुढे ती शेतकऱ्यांच्या घरांत आली तेव्हाही मृत्युपत्रांत तिचा उल्लेख भांड्याकुंड्यांसारखी हलवता येणारी चीजवस्तू म्हणून येतो. बे-लीफच्या खिडक्यांत लाकडाचे उभे गज आणि आतून सरकणारी फळी आहे, म्हणजे थंडीच्या दिवसांत उजेड हवा की ऊब हवी हे रोज ठरवावे लागे.

राहिले स्वयंपाकघर. हॉलमधल्या चुलीवर काही शिजत असले तरी मोठा स्वयंपाक, भट्टी आणि दारू गाळणे यांसाठी अनेक घरांना वेगळी, सुटी इमारत असे. आगीचे भय हे त्याचे एक कारण. सिंगलटनच्या संग्रहालयात बाउ बीचहून आलेली ‘विंकहर्स्ट’ नावाची आणखी एक लहान लाकडी इमारत आहे. ती अशीच सुटी स्वयंपाकाची वास्तू असावी असे अभ्यासकांचे मत झाले, म्हणून आता तेथे ट्यूडर राजांच्या काळातील, म्हणजे साधारण सोळाव्या शतकातील, स्वयंपाकघर मांडलेले आहे.

बांधकामात लोखंडी खिळे वापरले नाहीत, असे आपण लिहिले आहे. मग इतके वजनदार छप्पर उभे कशावर आहे? सुतारकामाविषयी अधिक माहिती हवी.
— स्थापत्य अभियंता, नाशिक

छप्पर उभे आहे ते सांध्यांवर. एका लाकडाच्या टोकाला जीभ काढायची, दुसऱ्यात तेवढीच खाच पाडायची, दोन्ही बसवून आरपार भोक घ्यायचे आणि त्यात ओकचीच खुंटी ठोकायची, हा मूळ सांधा. त्यात एक कौशल्य आहे. जिभेतील भोक आणि खाचेतील भोक तंतोतंत एका रेषेत न पाडता किंचित पुढेमागे ठेवतात, त्यामुळे खुंटी ठोकताच सांधा ओढला जाऊन घट्ट आवळतो. लाकूड ओलेच वापरत. वाळलेला ओक लोखंडासारखा कठीण होतो आणि त्यात हत्यार चालत नाही. झाड तोडून लगेच कुऱ्हाडीने चौकोनी करायचे, सांधे पाडायचे आणि उभारायचे. नंतरची काही वर्षे लाकूड जागेवरच वाळते, किंचित पिळवटते, आणि त्या ताणानेच सांधे अधिक आवळले जातात. जुन्या इंग्रजी घरांचे खांब वाकडे आणि तुळया पोट सुटलेल्या दिसतात त्याचे मोठे कारण हेच आहे. तो सुताराचा दोष नव्हे.

संपूर्ण सांगाडा आधी सुताराच्या अंगणात आडवा मांडून जुळवला जाई, प्रत्येक सांध्यावर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरल्या जात, मग तो सुटा करून गाडीने जागेवर नेला जाई. रोमन आकड्यांचे कारण सोपे आहे: पटाशीने सरळ रेघा पटकन मारता येतात. या खुणांमुळेच पाच-साडेपाच शतकांनंतर घर सुटे करणाऱ्यांनाही मूळ सुताराचा क्रम वाचता येतो.

बे-लीफ ज्या प्रकारचे आहे त्या प्रकाराला त्या प्रदेशावरून ‘वील्डन’ म्हणतात. दोन्ही टोकांचे वरचे मजले खालच्या भिंतीच्या पुढे आलेले असतात, मधला हॉल मात्र मागेच राहतो, आणि या सगळ्यावर एकच सलग छप्पर असते. त्यामुळे हॉलसमोर छपराची पागोळीची कड भिंतीपासून सुटून अधांतरी येते. तिला तोलण्यासाठी दोन्ही बाजूंनी कमानदार आधार दिलेले असतात. मजला पुढे का काढला, तर शहरात गल्लीवर जागा मिळवण्यासाठी हे समजू शकते. पण चहूकडे मोकळी शेते असताना जागेची चणचण नव्हती. माझ्या मते येथे दिमाखाचा भाग मोठा आहे. गावातल्या प्रत्येकाला लांबून कळावे की हे घर कोणाचे आहे.

हॉलच्या आत मान वर केली की आणखी एक सुंदर गोष्ट दिसते. दोन खणांच्या मधोमध कमानदार जाड तुळई आहे आणि तिच्या मध्यावर ‘क्राउन पोस्ट’ हा आखूड खांब. त्याच्या माथ्याजवळून वाकडे आधार फांद्यांसारखे फुटतात आणि वाशांच्या जोड्यांना बांधणाऱ्या आडव्या दांड्यांना खालून आधार देणारे लांब लाकूड पेलून धरतात.

भिंती कशाच्या आहेत? आमच्या जुन्या घराचा कारवीचा कुड मला आठवला.
— एक वाचक, रत्नागिरी

आपल्याला अगदी योग्य तीच आठवण झाली. मोठ्या खांबांच्या मधल्या चौकटींत ओकच्या उभ्या चिरफळ्या बसवून त्यांच्यामधून हेझलसारख्या लवचीक काठ्या विणत आणि त्यावर दोन्ही बाजूंनी चिकणमाती, शेण आणि चिरलेला पेंढा यांचे लिंपण करत. वरून चुन्याचा हात. कारवीच्या जागी हेझल, एवढाच म्हणण्यासारखा फरक. दोन प्रदेशांनी हे एकमेकांकडून घेतलेले नाही. जवळ जे उगवते आणि पायाखाली जी माती आहे त्यातून दोन्हीकडची माणसे एकाच उपायापाशी पोचली.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो. पांढऱ्या भिंतीवर काळेभोर रंगवलेले लाकूड हे ‘खरे’ जुने इंग्रजी घर, असे पुष्कळांना वाटते. इंग्लंडच्या आग्नेय भागात तरी ओक बहुधा तसाच सोडला जाई आणि कालांतराने तो रुपेरी करडा होई. काळ्या रंगाचा सोस मुख्यतः एकोणिसाव्या शतकातला आहे.

ही घरे मोडक्या जहाजांच्या लाकडातून बांधत, असे मी इंग्लंडच्या सहलीत ऐकले. हे खरे का?
— एक वाचिका, मुंबई

बहुतेक ठिकाणी ही दंतकथा आहे. तुळयांत रिकाम्या खाचा दिसतात, लाकूड वाकडे असते, त्यावरून ती निघाली असावी. पण रिकामी खाच म्हणजे तेथे पूर्वी एखादी भिंत, जिना किंवा आधार होता, किंवा ते लाकूड आधीच्या घरातून घेतले होते. शिवाय ओले लाकूड हाताशी असताना समुद्रापासून आत, चिखलाच्या वाटांनी, खाऱ्या पाण्यात मुरलेल्या अवजड फळ्या वाहून आणण्याचे शेतकऱ्याला काही प्रयोजन नव्हते.

एका भागासाठी ‘१४०५ ते १४३०’ आणि दुसऱ्यासाठी नेमके ‘१५०९-१०’, असा फरक का? कोठे शिलालेख आहे का?
— निवृत्त शिक्षक, सोलापूर

शिलालेख नाही, लाकूडच आपली तारीख सांगते. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढते, चांगल्या वर्षी रुंद आणि अवर्षणाच्या वर्षी अरुंद. एकाच प्रदेशातील झाडांमध्ये या रुंद-अरुंद वलयांची मालिका सारखी येते. अभ्यासकांनी आजच्या झाडांपासून मागे मागे जात शतकानुशतकांची अशी मालिका जुळवली आहे. घराच्या तुळईतून पेन्सिलीएवढी बारीक कांडी काढून तिची वलये मोजायची आणि मोठ्या मालिकेत ती कोठे चपखल बसते ते पाहायचे.

तारखांमधील फरक येतो तो खोडाच्या बाहेरच्या थरामुळे. ओकच्या सालीखालचे कोवळे लाकूड मऊ असते. सुतार ते तासून टाकतो किंवा किडे खातात. सालीलगतचे शेवटचे वलय शाबूत असेल तर झाड कोणत्या हिवाळ्यात पडले हे सांगता येते. ते नसेल तर किती वलये हरवली असतील याचा अंदाज बांधावा लागतो आणि उत्तर वीस-पंचवीस वर्षांच्या टप्प्यात येते. लाकूड ओलेच वापरत असल्याने झाड पडल्याचे वर्ष आणि घर उभे राहिल्याचे वर्ष यांत फारसे अंतर नसते.

धुराडी नेमकी कधी आली आणि त्यामुळे काय बदलले?
— एक वाचक, पुणे

धुराडे राजवाड्यांत आणि गढ्यांत फार पूर्वीपासून होते. शेतकऱ्याच्या घरात ते आले मुख्यतः सोळाव्या शतकात. विल्यम हॅरिसन या एसेक्समधील धर्मोपदेशकाने १५७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडच्या वर्णनात आपल्या गावातील म्हाताऱ्यांचे म्हणणे नोंदवले आहे. त्यांच्या हयातीत तीन गोष्टी फार बदलल्या होत्या: धुराड्यांची संख्या वाढली, पेंढ्याच्या अंथरुणाऐवजी चांगल्या गाद्या-उश्या आल्या, आणि लाकडी ताटल्या-चमच्यांच्या जागी जस्ती चकाकीची प्यूटर नावाच्या मिश्रधातूची ताटे आणि कथलाचे किंवा चांदीचे चमचे आले. घराच्या इतिहासाविषयी इतकी घरगुती आणि इतकी मोलाची साक्ष मला दुसरी माहीत नाही.

धुराडे आले की हॉलची उंची निरर्थक ठरते. धूर नळीतून जातो, मग वरची पोकळी मोकळी ठेवायची कशाला? म्हणून हॉलमध्ये मजला घातला गेला, वर नव्या खोल्या झाल्या, जिना आला. पूर्वी सारे घर एका चुलीभोवती बसे. आता कुटुंब आणि गडीमाणसे वेगळ्या खोल्यांत पांगली. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स या इतिहासकाराने १९५३ मध्ये या लाटेला ‘महान पुनर्बांधणी’ म्हटले आणि तिचा काळ १५७० ते १६४० असा धरला. पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिले की प्रत्येक प्रांतात ती वेगळ्या वेळी आली, आणि ते पटण्याजोगे आहे. पण बदल घडला याविषयी वाद नाही. सरकारचेही लक्ष चुलींकडे गेले: १६६२ पासून दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग कर बसला. तो लोकांना इतका नकोसा होता, विशेषतः मोजणीसाठी अधिकारी घरात शिरत म्हणून, की १६८९ मध्ये रद्द करावा लागला. त्या कराच्या याद्या आज इतिहासकारांना मात्र फार उपयोगी पडतात, कारण कोणत्या घरात किती चुली होत्या ते त्यांतून कळते.

बे-लीफमध्येही पुढे धुराडे आणि मजला आला होता, पण संग्रहालयाने ते काढून घर १५४० च्या रूपात आणले, असे आपण लिहिले होते. हे योग्य झाले का? आणि घर मूळ जागेवरून हलवणे तरी योग्य का?
— वास्तुकलेचा विद्यार्थी, नागपूर

आलेल्या पत्रांतील हा सर्वांत कठीण प्रश्न आहे. दुसरा भाग आधी घेतो. घर हलवणे हा शेवटचा उपाय असला पाहिजे. जमिनीतून उपटलेले घर आपली शेते, विहीर, वाट, शेजार आणि पायाखालच्या मातीतले पुरावे गमावते. येथे मात्र जलाशय होणार होता. घर हलवणे किंवा गमावणे एवढेच पर्याय होते. सिंगलटनच्या मंडळींनी घराभोवती त्या काळची भाजी आणि औषधी वनस्पतींची बाग, कुंपण आणि कुरण पुन्हा तयार केले. त्यामुळे झालेले नुकसान भरून आले असे नाही, पण घर उघड्यावर मांडलेल्या वस्तूसारखे दिसत नाही, हेही तितकेच खरे.

पहिल्या भागावर इंग्लंडमध्ये दीड शतक वाद चालू आहे. एकोणिसाव्या शतकात जुन्या चर्चना ‘मूळ’ रूप देण्याच्या उत्साहात नंतरच्या शतकांचे काम खरवडून टाकले गेले. त्याविरुद्ध विल्यम मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या संरक्षणासाठी संस्था काढली. त्यांचे म्हणणे असे की वास्तूवर प्रत्येक पिढीने केलेले काम हा तिच्या इतिहासाचाच भाग आहे; आपण दुरुस्ती करावी, कालचक्र मागे फिरवू नये. हे मला मनापासून मान्य आहे. घर ‘कधी बांधले’ याहून ते ‘किती वेळा बदलले’ हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या न्यायाने पाहिले तर बे-लीफमधून काढलेले धुराडे हे तेथे राहिलेल्या कित्येक पिढ्यांच्या संसाराचा केंद्रबिंदू होते, आणि ते गेले याचे मला वाईट वाटते.

तरीही या एका घरापुरता मी संग्रहालयाच्या बाजूने आहे. धुराडे आणि मजला घातलेली हजारो जुनी घरे इंग्लंडमध्ये जागेवर उभी आहेत आणि त्यांत माणसे राहतात. उघडा हॉल, मध्ये पेटलेली चूल आणि आढ्याशी तरंगणारा धूर हे मात्र नकाशावरून समजत नाही. तेथे उभे राहूनच समजते. १५४० ची निवडही विचारपूर्वक आहे, कारण तेव्हा १५०९-१० चे टोक जोडून झाले होते. माझी अपेक्षा एवढीच, की नव्याने घातलेले लाकूड पाहणाऱ्याला ओळखता यावे आणि काढलेल्या भागांच्या नोंदी जपल्या जाव्यात.

जागेवरच जपणूक कशी होते हे पाहायचे असेल तर ईस्ट ससेक्समधील आल्फ्रिस्टन येथील ‘क्लर्जी हाउस’ पाहावे. तेही वील्डन पद्धतीचेच. १८९५ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने १८९६ मध्ये ते अवघ्या दहा पौंडांना घेतले. संस्थेने मिळवलेली ती पहिलीच इमारत.

इंग्लंडमधील सगळीच शेतघरे लाकडी होती का?
— एक वाचिका, अहिल्यानगर

नाही. जमिनीखाली जे असेल त्यावर ते ठरे. चुनखडीच्या पट्ट्यात दगडी घरे, डेव्हनमध्ये माती-पेंढ्याच्या जाड भिंती, पूर्वेकडे पुढे पुढे विटा. दगडी शेतघराचे आपल्याला नावाने परिचित असलेले उदाहरण म्हणजे लिंकनशायरमधील वुल्सथॉर्प मॅनर. नावात ‘मॅनर’ असले तरी ते सतराव्या शतकातील बेताच्या आकाराचे, चुनखडीच्या दगडाचे शेतघर आहे. आयझॅक न्यूटन तेथेच, जुन्या कालगणनेप्रमाणे २५ डिसेंबर १६४२ रोजी जन्मले आणि प्लेगमुळे केंब्रिज बंद झाल्यावर तेथेच परतले. घराच्या भिंतींवर कोरलेल्या आकृती आहेत. २०१७ मध्ये त्यांत एका पवनचक्कीचे चित्र आढळले आणि ते लहानग्या न्यूटनचे असावे असे मानले जाते. तेथील प्रसिद्ध सफरचंदाच्या झाडाच्या वंशातील रोपे पुण्यात ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारातही लावण्यात आली होती.

आम्ही काही वर्षांपूर्वी येथे एक जुने शेतघर घेतले. माळ्यावरचे वासे काळे आहेत आणि चुलीवरच्या तुळईवर कंपासने काढल्यासारखी सहा पाकळ्यांची फुले कोरलेली आहेत. घर ‘ग्रेड टू’ यादीत आहे. भिंतीला ओल येते, म्हणून कंत्राटदार सिमेंटचा गिलावा आणि वाशांवर वाळूचा फवारा मारून सफाई करण्याचा सल्ला देतो. काय करावे?
— एक मराठी वाचिका, केंट

आपले पत्र वाचून आनंद झाला आणि थोडी काळजीही वाटली. ओलीचे आधी सांगतो. मातीचे लिंपण आणि चुना ओल शोषतात आणि पुन्हा हवेत सोडतात. वरून सिमेंट लावले की ओल आत कोंडते आणि ओकच्या सांगाड्याच्या तळाशी कूज धरते. अशा कित्येक घरांचे खांब बाहेरून धडधाकट आणि आतून भुसभुशीत झाले आहेत. पन्हळ फुटली आहे का, बाहेरची जमीन भिंतीलगत चढली आहे का, पूर्वी कोणी सिमेंट लावले आहे का, हे आधी पाहावे आणि दुरुस्ती चुन्यानेच करवून घ्यावी. १९४७ च्या कायद्यापासून तेथे वास्तूंच्या संरक्षणाची ही यादी चालत आली आहे आणि तिच्यातील बहुतेक इमारती ‘ग्रेड टू’ याच वर्गात येतात. घराच्या वैशिष्ट्याला बाध येईल असा बदल, मग तो आतल्या बाजूला का असेना, स्थानिक परिषदेच्या परवानगीविना करणे हा तेथे फौजदारी गुन्हा आहे. तेव्हा गिलाव्याचा निर्णयही परिषदेच्या संवर्धन अधिकाऱ्याला विचारूनच घ्यावा.

तुळईवरची फुले घराचे अनिष्टापासून रक्षण व्हावे म्हणून कोरत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. काहींच्या मते त्यांतील काही शिकाऊ सुतारांचा भूमितीचा सराव आहे. चूल, दार आणि खिडकी, जेथून बाहेरचे आत येऊ शकते तेथेच ती अधिक आढळतात. धुराड्याच्या आसपास काम निघाले तर कारागिरांना सावध करून ठेवा: अशा ठिकाणी लपवलेले जुने जोडे पुष्कळदा सापडतात आणि नॉर्थॅम्प्टनच्या संग्रहालयात त्यांची नोंद ठेवली जाते.

आता काळे वासे. आग लागल्याची खूण नसेल आणि काजळी सगळ्या वाशांवर सारखी, चकाकती असेल, तर आपल्या घराचा मधला भाग एके काळी बे-लीफसारखाच उघडा हॉल होता आणि आपला माळा हा त्याचाच माथा आहे. ती काजळी पाच-सहाशे वर्षांपूर्वीच्या चुलीची असू शकते. हा पुरावा एकदा खरवडला की कायमचा जातो. वाळूचा फवारा मारू देऊ नका, वाशांना पॉलिश लावू नका. चांगल्या उजेडात छायाचित्रे काढा, कोणत्या वाशावर काजळी आहे आणि कोणत्यावर नाही याची नोंद करा, आणि जुन्या लाकडी इमारतींच्या जाणकाराला बोलावून ती दाखवा.